ऊर्जा धोरणाचा मसुदा पुढच्या पिढ्यांच्या वतीने कसा तपासावा

सरकार ऊर्जा धोरणाचा मसुदा जाहीर करते आणि ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवते, तेव्हा वीज कंपन्या, उद्योगसंघटना, कामगार संघटना, ग्राहकांचे प्रतिनिधी असे सगळे आपापले म्हणणे घेऊन पुढे येतात, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या मसुद्याचे परिणाम ज्यांना सर्वांत जास्त काळ भोगावे लागणार आहेत, त्यांच्यापैकी काहींना अजून मताचा अधिकार मिळालेला नाही आणि बाकीचे जन्मालाही आलेले नाहीत. २०२० साली जन्मलेले मूल २१०० साली ऐंशी वर्षांचे असेल. हवामानाच्या अहवालांतील आलेखांचे जे शेवटचे टोक आपल्याला फार दूरचे वाटते, ते त्याच्या हयातीतच येणार आहे. तज्ज्ञ नसलेल्या, पण आकडेमोडीचा कंटाळा नसलेल्या नागरिकाने असा मसुदा त्या मुलाच्या वतीने कसा तपासावा, त्यात काय शोधावे, कोणत्या ठिकाणी प्रश्न विचारावा आणि हरकत कशी लिहावी, हे येथे मांडले आहे.

वाचायला बसण्यापूर्वी आपली भूमिका मनाशी पक्की करावी. अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, वारसाच्या मालमत्तेवर पालक नेमला जातो, तेव्हा त्याला मालमत्तेच्या उत्पन्नातून वाजवी खर्च करता येतो. पण मालमत्ता विकायची किंवा गहाण टाकायची असेल तर त्याला परवानगी घ्यावी लागते आणि वारस सज्ञान झाला की हिशोब द्यावा लागतो. ऊर्जा धोरण वाचणाऱ्याने हीच भूमिका घ्यावी. वर्तमानातल्या माणसांनी ऊर्जा वापरू नये असे तिच्यात कुठेही अभिप्रेत नाही. जे पुन्हा भरून काढता येणार नाही ते वारसाच्या गैरहजेरीत परस्पर खर्ची पडत आहे का, एवढेच पाहायचे आहे. ही केवळ सद्भावना नव्हे. १९९२ साली स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक चौकट कराराच्या तिसऱ्या कलमात, सध्याच्या आणि भावी पिढ्यांच्या हितासाठी हवामान व्यवस्थेचे रक्षण करावे, असे तत्त्व लिहिलेले आहे, आणि जगातील जवळपास सर्व राष्ट्रे त्या कराराची सदस्य आहेत. म्हणून हरकत लिहिताना आपण कोणाकडे दयेची याचना करत नसून सरकारने स्वतः मान्य केलेल्या तत्त्वाची आठवण देत आहोत, हे लक्षात असू द्यावे.

उद्दिष्टाच्या वर्षाआधी एकूण बेरीज पाहावी

मसुद्याच्या पहिल्या पानावर बहुधा एक वर्ष ठळक अक्षरांत छापलेले असते: अमुक सालापर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, म्हणजे तापवणारा वायू जेवढा हवेत सोडला जाईल तेवढाच हवेतून काढून घेतला जाईल. वाचकाची नजर तेथे खिळते आणि मसुदा लिहिणाऱ्यांचीही तीच अपेक्षा असते. परंतु तापमान त्या वर्षावर ठरत नाही. कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग समुद्र आणि वनस्पती शोषून घेतात, पण उरलेल्यातला मोठा हिस्सा शतकानुशतके हवेत राहतो आणि त्यातलाही काही हजारो वर्षे टिकतो. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते आणि आज ४२० च्या पुढे गेले आहेत. आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय मंडळाच्या सहाव्या अहवालाने दिलेला अंदाज असा की, एकूण दर एक हजार अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे पृथ्वीचे सरासरी तापमान साधारण ०.४५ अंश सेल्सिअसने वाढते. १८५० ते २०१९ या काळात माणसाने असा सुमारे २,४०० अब्ज टन वायू हवेत सोडला आहे. वारसाच्या वाट्याला काय येणार हे या बेरजेवर ठरते. शेवटचे वर्ष तिचा केवळ एक घटक आहे.

हे कागदावर करून पाहिल्याशिवाय पटत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. एखादा देश दरवर्षी १० कोटी टन उत्सर्जन करतो आणि २०५० साली ते शून्यावर आणण्याचे त्याने जाहीर केले आहे. पहिल्या मार्गाने तो २०२५ पासून दरवर्षी सारख्या प्रमाणात घट करत गेला, तर पंचवीस वर्षांची बेरीज १२५ कोटी टन होते. दुसऱ्या मार्गाने २०४० पर्यंत काहीच कमी केले नाही आणि शेवटच्या दहा वर्षांत एकदम उतार घेतला, तर पहिल्या पंधरा वर्षांचे १५० कोटी आणि पुढच्या दहांचे ५० कोटी मिळून बेरीज २०० कोटी टन होते. दोन्ही धोरणांच्या मुखपृष्ठावर २०५० हेच साल छापता येईल, दोन्हींच्या घोषणेत एका शब्दाचाही फरक नसेल, आणि तरीही दुसऱ्या मार्गाने पुढच्या पिढीवर ७५ कोटी टनांचा जादा बोजा पडेल. त्यावर अवघ्या दहा वर्षांत सगळी घट घडवून आणण्याचे कामही त्याच पिढीच्या गळ्यात पडेल.

तेव्हा पहिले काम असे: मसुद्यातील दर पाच वर्षांचे उत्सर्जनाचे आकडे शोधून एका कागदावर उतरवावेत, मधल्या वर्षांचे आकडे सरळ रेषेने अंदाजावेत आणि बेरीज करावी. मधले टप्पे दिलेलेच नसतील, तर तीच आपली पहिली हरकत समजावी. असे टप्पे ठरवणे अवघड आहे ही सबब टिकणारी नाही, कारण ब्रिटनच्या २००८ च्या हवामान बदल कायद्याने पाच-पाच वर्षांसाठी एकूण उत्सर्जनाची मर्यादा आगाऊ ठरवण्याची आणि तिच्यावर स्वतंत्र समितीचा सल्ला घेण्याची पद्धत घालून दिली आहे. कोळशाच्या विजेचे पहिले सार्वजनिक केंद्र १८८२ साली ज्या ब्रिटनच्या राजधानीत, लंडनमध्ये, सुरू झाले, त्याच देशातले कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले.

मिथेनचा हिशोब स्वतंत्र मागावा. हा वायू हवेत सुमारे बारा वर्षेच टिकतो, पण तेवढ्या काळात फार तापवतो. वजनास वजन धरले तर वीस वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास ८० पट आणि शंभर वर्षांच्या हिशोबात ३० पटींच्या आत भरतो. नैसर्गिक वायूला स्वच्छ इंधन म्हणणाऱ्या मसुद्यात विहिरी आणि वाहिन्यांतून होणारी गळती धरली आहे का, आणि धरली असल्यास वीस वर्षांच्या की शंभर वर्षांच्या पटीने, हे पाहिल्याशिवाय त्या दाव्याचे मोल ठरवता येत नाही.

टक्के आणि मेगावॉट यांच्यामागे काय आहे

टक्केवारी दिसली की, कशाचे टक्के, हा प्रश्न विचारावा. सर्वांत फसवी टक्केवारी उत्सर्जनाच्या तीव्रतेची असते, म्हणजे आर्थिक उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे होणाऱ्या उत्सर्जनाची. तीव्रता ४५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ऐकायला मोठे वाटते. पण त्याच मुदतीत अर्थव्यवस्था तिप्पट होणार असे मसुदाच सांगत असेल, तर तीनला ०.५५ ने गुणावे. उत्तर १.६५ येते, म्हणजे प्रत्यक्ष उत्सर्जन ६५ टक्क्यांनी वाढणार आहे. गरीब देशाने असे उद्दिष्ट ठेवणे समजण्यासारखे असू शकते, परंतु ती वाढ आहे हे मसुद्याने सरळ शब्दांत लिहावे, अशी मागणी करण्याचा वाचकाला हक्क आहे. आधारवर्षाचे, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करून घट मोजतात त्याचे, हेही तसेच आहे. ज्या वर्षी उत्सर्जन कळसाला होते ते वर्ष आधार धरले की घट मोठी दिसते. काही मसुद्यांत तर घट मोजली जाते ती काहीच केले नसते तर झाले असते अशा काल्पनिक भविष्याच्या तुलनेत, आणि ते काल्पनिक भविष्य जितके काळे रंगवावे तितकी घट सोपी होते.

मेगावॉटचा घोळ याहून अधिक सर्रास आढळतो. स्थापित क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. कोळशाचे १,००० मेगावॉटचे केंद्र वर्षभरात सरासरी ६० टक्के क्षमतेने चालले, तर सुमारे ५२५ कोटी युनिट वीज देते. तेवढ्याच क्षमतेचा सौर प्रकल्प २० टक्क्यांच्या सरासरीने सुमारे १७५ कोटी युनिट देतो. निम्मी क्षमता अपारंपरिक स्रोतांची झाली म्हणजे निम्मी वीज स्वच्छ झाली असा अर्थ काढणाऱ्या वाक्याखाली रेघ मारावी आणि युनिटमधील आकडा मागावा. याचा अर्थ सौर ऊर्जा कमी प्रतीची आहे असा मुळीच नाही. २०१० ते २०२० या दशकात सौर पॅनेलच्या किमती सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या आणि लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या किमतीही जवळपास तेवढ्याच घसरल्या. मसुद्यात जुन्या चढ्या किमती धरून सौर आणि साठवणुकीला महाग ठरवले असेल, तर तीही हरकतीची बाब आहे. वीजनिर्मितीपलीकडे वाहतूक, कारखान्यांतील उष्णता आणि इमारती यांचा हिशोब मसुद्यात आहे का, हेही पाहून घ्यावे. ऊर्जा धोरण या नावाखाली अनेकदा फक्त विजेचाच विचार केलेला असतो.

आज बांधलेले कधीपर्यंत चालणार

मसुद्यातील उद्दिष्टे बदलता येतात, बांधकामे बदलता येत नाहीत. म्हणून माझ्या मते मसुद्याचा खरा गाभा नव्या प्रकल्पांच्या यादीत असतो, आणि ती यादी बहुतेक वेळा परिशिष्टात असते. तेथील प्रत्येक मोठ्या प्रकल्पापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: तो कधी सुरू होणार, किती वर्षे चालेल अशा हिशोबाने बांधला जाणार, आणि त्या आयुष्यभरात त्याचे उत्सर्जन किती होणार.

वर घेतलेलेच कोळशाचे केंद्र पाहू. प्रत्येक युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर्षाला ५० लाख टनांच्या आसपास उत्सर्जन होते आणि चाळीस वर्षांत ते २० कोटी टनांवर जाते. केंद्र २०३० साली सुरू झाले, तर चाळीस वर्षांनी २०७० साल उजाडते. त्याच मसुद्याच्या पहिल्या पानावर २०५० किंवा २०६० साली निव्वळ शून्याचे वचन असेल, तर दोन्ही एकाच वेळी खरे ठरणार नाहीत. एक तर केंद्र मुदतीआधी बंद होईल किंवा वचन मोडेल. केंद्र बंद झाले तर उरलेले कर्ज कोण फेडणार? वीज घेतली नाही तरी स्थिर आकार देत राहण्याची हमी पंचवीस वर्षांच्या करारात असेल, तर तो खर्च वीजबिलातून किंवा करातून त्या वेळच्या लोकांकडून वसूल होईल, ज्यांनी तो करार केलेला नाही आणि ज्यांना त्यातून वीजही मिळालेली नाही. वारसाच्या नावावर परस्पर कर्ज काढणे म्हणजे नेमके हेच. वायूच्या वाहिन्या, द्रवरूप वायूची बंदरे, तेलशुद्धीकरण कारखाने यांनाही हीच कसोटी लावावी, आणि इमारतींना तर आवर्जून लावावी, कारण वीजकेंद्रापेक्षा इमारत कितीतरी अधिक वर्षे उभी राहते. उष्णता नीट न अडवणारी इमारत आज बांधली, तर तिच्यात राहणाऱ्या दोन-तीन पिढ्या जादा ऊर्जा खर्च करत राहतील.

टिकाऊ बांधकाम वारसाच्या हिताचेही असू शकते. पारेषण वाहिन्या, रेल्वे, साठवणुकीचे प्रकल्प ही अशी मालमत्ता आहे की जिच्यावर पुढच्यांना स्वतःच्या पसंतीचे काही उभारता येते. मसुद्यातील कोणता खर्च पुढच्यांचे पर्याय वाढवतो आणि कोणता ते बंद करतो, ही विभागणी स्वतः करून पाहावी.

कर्बाखेरीज मागे काय उरणार, हाही याच प्रकरणाचा भाग आहे. अणुऊर्जेचा विषय निघाला की किरणोत्सारी कचऱ्यावरून चर्चा तापते. माझ्या दृष्टीने कचरा उरतो एवढ्यावरून अणुऊर्जा त्याज्य ठरत नाही, कारण प्रत्येक युनिटमागे तिचे उत्सर्जन कोळशाच्या तुलनेत नगण्य आहे. मात्र त्या कचऱ्याची व्यवस्था आणि तिचा पैसा आजच बाजूला काढला जात आहे का, यावर तडजोड होऊ शकत नाही. फिनलंडने वीज विकणाऱ्या कंपन्यांकडूनच आगाऊ रक्कम घेऊन त्यासाठी निधी उभारला आणि ओल्किलुओतो येथे खडकात सुमारे चारशे मीटर खोलीवर, एक लाख वर्षांचा विचार करून, ओंकालो हे भांडार बांधले. खाणींच्या जमिनी पूर्ववत करणे, वापर संपलेल्या तेलविहिरी बंद करणे, निकामी पवनपाती आणि सौर पॅनेल यांची विल्हेवाट लावणे, यांपैकी प्रत्येकासाठी मसुद्यात राखीव निधीची तरतूद शोधावी. कंपनी दिवाळखोरीत गेली तर तो निधी सुरक्षित राहील का, हा पुढचा प्रश्नही तेथेच विचारून ठेवावा.

वटाव दर: परिशिष्टातली एक ओळ

नफातोट्याच्या प्रकरणात, बहुधा तळटिपेत, एक दर दिलेला असतो, ज्याला अर्थशास्त्रात वटाव दर किंवा डिस्काउंट रेट म्हणतात. भविष्यातला फायदा किंवा नुकसान आजच्या किमतीत मांडण्यासाठी तो वापरला जातो. संपूर्ण धोरणात पुढच्या पिढ्यांचे वजन किती धरले आहे हे या एका आकड्यात दडलेले असते, आणि तरीही त्यावर हरकत घेणारे फार थोडे असतात.

शंभर वर्षांनी होणारे १,००० एककांचे नुकसान घेऊ. दर १.४ टक्के धरला तर त्याची आजची किंमत सुमारे २४९ एकके होते. दर ३ टक्के धरला तर ती ५२ वर येते, आणि ५ टक्के धरला तर आठ एककांपेक्षाही कमी उरते. म्हणजे पाच टक्क्यांचा दर वापरणारा मसुदा असे म्हणतो की, शंभर वर्षांनंतरचे हजाराचे नुकसान टाळण्यासाठी आज आठ एकके खर्च करणेसुद्धा परवडणार नाही. नुकसान तेवढेच, माणसेही तीच. फक्त तारीख पुढची आहे. २००६ साली अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न यांनी ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या अहवालात १.४ टक्क्यांच्या आसपासचा दर वापरला आणि त्वरित, मोठी घट करावी असा निष्कर्ष काढला. दुसरे अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी बाजारातील परताव्याच्या जवळ जाणारा, बराच चढा दर धरला आणि अधिक संथ मार्ग सुचवला. विज्ञानाबद्दल दोघांत फारसा वाद नव्हता. निष्कर्षांतल्या अंतराचे मोठे कारण हा दर होता.

हा दर दोन भागांनी बनतो, आणि हरकत लिहिताना ते वेगळे करणे उपयोगी पडते. पुढची माणसे आपल्यापेक्षा श्रीमंत असतील, म्हणून त्यांना एका एककाचे नुकसान कमी जाणवेल, हा पहिला भाग. यावर प्रामाणिक वाद होऊ शकतो, जरी हवामानच बिघडले तर ती श्रीमंती येईलच असे गृहीत धरता येत नाही. दुसरा भाग आहे तो निव्वळ उशिराचा: नुकसान नंतर होणार आहे, म्हणून ते कमी महत्त्वाचे. एखाद्या माणसाने स्वतःच्या उद्याच्या सुखापेक्षा आजचे सुख पसंत करणे हा त्याचा प्रश्न आहे. पण एकाच्या आजच्या सुखासाठी दुसऱ्याच्या उद्याच्या दुःखाला कमी लेखणे हा वेगळाच व्यवहार आहे. फ्रँक रॅम्से या गणितज्ञाने १९२८ सालीच अशा वटावाला नैतिकदृष्ट्या असमर्थनीय म्हटले होते. स्टर्न यांनी या भागासाठी फक्त ०.१ टक्का ठेवला, आणि तोही मानवजात टिकलीच नाही तर, या शक्यतेपोटी. मला त्यांची भूमिका योग्य वाटते.

प्रत्यक्षात काय करावे? मसुद्यात दर दिलेला नसेल तर तो मागावा. दिलेला असेल तर तेच हिशोब किमान तीन वेगळ्या दरांनी करून दाखवण्याची मागणी करावी आणि दर बदलल्यावर शिफारस उलटते का ते विचारावे. हिशोब कोणत्या सालापर्यंत केला आहे हेही पाहावे. समुद्राची पातळी पुढील अनेक शतके वाढत राहणार असताना २०५० साली थांबणारा तक्ता नुकसानीचा मोठा भाग वगळून टाकतो, आणि मग कितीही कमी दर लावला तरी उपयोग नसतो.

निव्वळ शून्यातील निव्वळ या शब्दासाठी वेगळे पान द्यावे लागत नाही, पण एक आकडा अवश्य शोधावा: त्या वर्षी किती टन वायू हवेतून काढून घेतला जाईल असे गृहीत धरले आहे. जेवढा तो आकडा मोठा, तेवढे काम आपण पुढच्यांच्या खात्यावर टाकले. जंगले वाढवणे चांगलेच आहे, परंतु कोट्यवधी वर्षे जमिनीखाली सुरक्षित असलेला कर्ब हवेत सोडून त्याच्या बदल्यात आग, कीड आणि कुऱ्हाड यांच्या भरवशावर असलेले झाड जमा दाखवणे बरोबरीचे नाही.

आजच्या गरिबांना डावलून नव्हे

पालकाची भूमिका आजच्या दुर्बलांविरुद्ध वापरली जाऊ नये, याची काळजी वाचकानेच घ्यावी लागते. जगात अजून ६० कोटींहून अधिक लोकांच्या घरी वीज नाही आणि सुमारे दोनशे कोटी लोक लाकूड, शेण, कोळसा अशा धुराच्या इंधनावर स्वयंपाक करतात. त्यांचा ऊर्जावापर वाढलाच पाहिजे. १९९२ च्या करारात भावी पिढ्यांचा उल्लेख ज्या कलमात आहे, त्याच कलमात राष्ट्रांच्या समान पण वेगवेगळ्या जबाबदाऱ्यांचाही उल्लेख आहे, आणि हे दोन विचार तोडून वापरणे हा त्या कराराचा अर्धा अर्थ लपवणे होय. म्हणून मसुदा तपासताना खर्च कोणावर पडतो याचा तक्ता मागावा: सर्वांत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांवर किती, मोठ्या ग्राहकांवर किती, आणि खाणी किंवा वीजकेंद्रे बंद होतील तेथील कामगारांसाठी कोणती तरतूद आहे. स्पेनने २०१८ साली कोळसा खाणी बंद करताना कामगार संघटनांशी लवकर निवृत्ती, प्रशिक्षण आणि त्या भागातील गुंतवणूक यांचा करार केला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये इंधनावरच्या करवाढीविरुद्ध लोक पिवळी जाकिटे घालून रस्त्यावर उतरले आणि सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. वर्तमानातील माणसांना अन्यायाचे वाटणारे धोरण पुढच्या निवडणुकीपर्यंतही टिकत नाही, आणि न टिकणारे धोरण वारसाच्या काहीच उपयोगाचे नाही.

तेल, वायू, कोळसा यांपासून मिळणारा महसूल कुठे जातो, हेही याच दृष्टीने पाहावे. नॉर्वेने १९९० साली कायदा करून तेलाच्या उत्पन्नाचा निधी स्थापला, १९९६ पासून त्यात रक्कम जमा होऊ लागली आणि त्यातून दरवर्षी साधारण अपेक्षित परताव्याइतकीच रक्कम, आता सुमारे तीन टक्के, खर्चावी असा नियम ठेवला आहे. भांडवल न मोडता उत्पन्नावर राहण्याची ही शिस्त आदर्श आहे. तरीही तेथे विकलेल्या तेलाचा धूर दुसऱ्या देशांच्या हिशोबात जातो, आणि साठवलेल्या पैशाने तो परत घेता येत नाही. आपल्या मसुद्यात निर्यातीच्या इंधनाचे उत्सर्जन किमान माहितीसाठी तरी दाखवले आहे का, ते विचारावे.

तपासणी कोण करणार

वचन पाळले गेले नाही तर काय होईल, याचे उत्तर मसुद्यात सापडले पाहिजे. मंत्रालय स्वतःचेच मूल्यमापन करणार असेल, तर ते मूल्यमापन धरू नये. वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने भावी पिढ्यांसाठी आयुक्त नेमला गेला आणि हंगेरीत २००८ पासून असा लोकपाल आहे. त्यांचे अधिकार मर्यादित असले, तरी वारसाच्या बाजूने कागद मागण्याचे काम कोणाचे तरी पद म्हणून अस्तित्वात येते, हे महत्त्वाचे आहे.

न्यायालयांचे निर्णयही हरकतीत उद्धृत करता येतात. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिलेला निर्णय या विषयात सर्वांत उपयोगी आहे. तेथील हवामान कायद्यात २०३० नंतरच्या घटीचा पुरेसा तपशील नव्हता. त्यामुळे घटीचा मोठा भार २०३० नंतर तरुणांवर ढकलला जातो आणि त्यांच्या स्वातंत्र्यावर पुढे फार कठोर बंधने येतील, असे म्हणत न्यायालयाने तो कायदा अंशतः घटनाबाह्य ठरवला. काही महिन्यांतच संसदेने २०३० चे उद्दिष्ट ५५ वरून ६५ टक्क्यांवर नेले आणि हवामान तटस्थतेचे, म्हणजे निव्वळ शून्याचे, साल २०५० वरून २०४५ केले. आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही २३ जुलै २०२५ च्या सल्लागार मतात हवामान व्यवस्थेचे रक्षण करणे ही राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी असल्याचे म्हटले. प्रशांत महासागरातील बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या मागणीतून ते प्रकरण तेथपर्यंत पोहोचले होते.

हरकत लिहिणे

हरकत छोटी असावी. एका हरकतीत एकच मुद्दा घ्यावा, मसुद्याचा परिच्छेद क्रमांक द्यावा, काय उणे आहे ते सांगावे आणि नेमकी मागणी करावी. भावना मनात असावी, पण ती विशेषणांतून न दिसता आकड्यांच्या नेमकेपणातून दिसावी, कारण विशेषणांवर उत्तर देणे अधिकाऱ्याला बंधनकारक वाटत नाही. नमुना असा:

"परिच्छेद ४.२ नुसार २०३० ते २०३५ या काळात कोळशावर चालणारी २,००० मेगावॉट नवी क्षमता उभारली जाणार आहे. या प्रकल्पांचे अपेक्षित आयुष्य, त्या काळातील त्यांचे एकूण उत्सर्जन आणि परिच्छेद १.१ मधील २०५० चे उद्दिष्ट पाळण्यासाठी ते मुदतीआधी बंद करावे लागल्यास उरणाऱ्या कर्जाचे दायित्व यांचा मसुद्यात उल्लेख नाही. हा तपशील प्रसिद्ध करावा आणि त्यावर हरकती मागवल्याखेरीज परिच्छेद ४.२ मंजूर करू नये."

बेरजेचा तक्ता, वटाव दराची मागणी, राखीव निधी आणि स्वतंत्र तपासणी यांच्यासाठी अशाच स्वतंत्र हरकती द्याव्यात. सगळे एकाच अर्जात घातले, तर सर्वांत सोप्या मुद्द्याला उत्तर देऊन अर्ज निकाली काढला जातो. शक्य असेल तेथे ज्यांना अजून मत नाही अशा सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना आकडेमोडीत सामील करून घ्यावे आणि त्यांच्या नावानेही हरकत द्यावी. ती त्यांचीच बाब आहे. हरकत दिल्याची पोच घ्यावी आणि लेखी उत्तराची मागणी अर्जातच नोंदवावी.

धोरण मंजूर झाल्यावर आपण तयार केलेला तक्ता टाकून देऊ नये. पॅरिस करारानुसार देशांना दर पाच वर्षांनी नवे उद्दिष्ट आणि दर दोन वर्षांनी प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो. हे अहवाल आले की धोरणात लिहिलेल्या आकड्याशेजारी प्रत्यक्षातला आकडा आणि त्याच काळात परवानगी मिळालेल्या नव्या प्रकल्पांची नावे लिहून ठेवावीत, आणि पुढच्या मसुद्यावर हरकत घेताना हा तक्ता अर्जाच्या पहिल्या पानाला जोडावा.